जेऊरचे आलेख आणि बदलते रूळ

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन आहे. दौंड सोडून गाडी पुढे निघाली की उजनी जलाशयाचा फुगवटा दिसू लागतो, मग उसाचे आणि केळीचे मळे लागतात आणि थोड्या वेळाने जेऊर येते. आम्हाला शाळेत गणित शिकवणारे सर निवृत्तीनंतर या गावात राहतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा निरोप आला, "अरे, माझा जुना संगणक कायमचा बसला. नव्यावर माझे आलेख उघडत नाहीत. येऊन बघशील का?"

हे आलेख होते शेअर बाजारातील भावांचे. 1996 च्या उन्हाळ्यापासून 2014 पर्यंत सरांनी काही निवडक कंपन्यांचे रोजचे भाव संगणकात भरून ठेवले होते. त्यांची स्वतःची गुंतवणूक फारशी नव्हती. सरासरी, चढउतार, प्रमाण विचलन हे विषय शिकवताना मुलांना खरे आकडे द्यावेत एवढाच मूळ हेतू होता. पुढे त्याचा छंद झाला. भाव आधी वहीत लिहायचे आणि मग संगणकात भरायचे असा क्रम होता. त्या वह्या मधल्या काळात वाळवीने खाल्ल्या. एका वहीची थोडी पाने तेवढी उरली होती. म्हणजे अठरा वर्षांचे काम आता फक्त त्या जुन्या संगणकाच्या चकतीवर होते.

चकती शाबूत होती. ती काढून आम्ही नव्या संगणकाला जोडली, सर्व फाइली उतरवून घेतल्या आणि आलेख काढणारा जुना प्रोग्राम सुरू करून पाहिला. हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही, असा संदेश पडद्यावर आला. माहितीची फाइल उघडली तर नुसती विचित्र चिन्हे दिसली. प्रोग्राम तोच आणि माहितीही तीच असताना अडले कुठे? या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या इतिहासात आहे.

भावाचा आलेख कसा जन्मला

व्यापाराची माहिती रेषेने दाखवण्याची कल्पना तशी जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने 1786 साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. जपानमध्ये ओसाका शहरातील दोजिमा येथे तांदळाचा बाजार भरे. त्याला 1730 साली सरकारी मान्यता मिळाली. दिवसाचा पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा असे चार भाव एकाच मेणबत्तीसारख्या आकृतीत दाखवण्याची पद्धत जपानी व्यापाऱ्यांकडूनच जगाला मिळाली. अमेरिकेत चार्ल्स डाऊ याने 1884 साली अकरा कंपन्यांच्या भावांची सरासरी छापली. त्यातील नऊ कंपन्या रेल्वेच्या होत्या.

आपल्याकडे मुंबईच्या दलालांनी 1875 साली आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली. तीस कंपन्यांवर आधारित सेन्सेक्स हा निर्देशांक 1986 च्या जानेवारीपासून सुरू झाला. त्यासाठी 1978-79 हे वर्ष पायाभूत धरून त्याचे मूल्य 100 मानले गेले. त्या काळात आलेख काढू इच्छिणाऱ्याला एकच मार्ग होता. वर्तमानपत्रातील भावांचे पान घ्यायचे आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलने रोज एक बिंदू मांडायचा.

1994 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार संगणकावर सुरू झाले. 14 मार्च 1995 रोजी मुंबई शेअर बाजारानेही संगणकीय पद्धत स्वीकारली आणि दलाल स्ट्रीटवर ओरडून सौदे करण्याची रीत हळूहळू मागे पडली. दिवसाअखेरच्या सर्व भावांची एकत्र फाइल बाजाराकडून मिळू लागली. तिला 'भावकॉपी' असे नाव पडले. घरगुती संगणकाच्या किमती उतरत होत्या. त्यामुळे मुंबई-पुण्याबाहेरच्या गावांतही कोणीतरी संध्याकाळी भाव भरून आलेख पाहू लागले. जेऊरचे सर त्यांपैकीच एक होते.

येथे एक खुलासा करायला हवा. अशा आलेखांवरून उद्याचा भाव सांगता येतो असा दावा अनेकजण करतात. फ्रेंच गणिती लुई बाशेलिए याने 1900 साली आपल्या प्रबंधात भावांचे चढउतार यदृच्छ चालीसारखे मानले होते, आणि हा विचार आजही गंभीरपणे घेतला जातो. काल काय घडले हे आलेख उत्तम दाखवतो. उद्याची हमी तो देत नाही. सरांनाही हे ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांना भावांपेक्षा नोंदी मोलाच्या वाटत होत्या.

कुर्डुवाडीची हमाली

संगणकात घडलेला बदल समजण्यासाठी जेऊरकरांना लांब जाण्याची गरज नाही. सोलापूरच्या दिशेने पुढे कुर्डुवाडी हे जंक्शन आहे. मुंबई-सोलापूर मार्ग रुंदमापी, म्हणजे दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर असलेला. कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली. ती मात्र 762 मिलिमीटर मापाची होती. पुढे हा अरुंद मार्ग पंढरपूर, मिरज आणि लातूरपर्यंत वाढला. बार्शीहून आलेली कापसाची गाठ मुंबईला पाठवायची असली, तर कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरवून ती दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. गाठ तीच राही. डबा मात्र बदलावाच लागे, कारण लहान मापाची चाके मोठ्या मापाच्या रुळांवर बसतच नाहीत. अलीकडच्या काळात हा सर्व मार्ग रुंदमापी झाला आणि ही हमाली संपली.

संगणकातही असेच तीन घटक असतात. माहिती म्हणजे माल. प्रोग्राम म्हणजे डबा. ज्या व्यवस्थेवर प्रोग्राम चालतो ती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हे रूळ. रूळ बदलले की डबे अडतात. माल सहसा खराब झालेला नसतो.

रूळ कसे बदलत गेले

इंटेल कंपनीचा 8086 हा प्रक्रियक 1978 साली आला. तो एका वेळी सोळा अंकी द्विमान संख्या हाताळे आणि एकूण 1 मेगाबाइट स्मृतीपर्यंत पोचू शके. 1981 साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये त्याचाच धाकटा भाऊ 8088 होता आणि त्यावर डॉस ही कार्यप्रणाली चालत असे. डॉसचा स्वभाव मोकळा होता. एका वेळी एकच प्रोग्राम चाले आणि त्याला सारा संगणक आंदण मिळे. आलेख भराभर काढायचा म्हणून प्रोग्राम लिहिणारे कार्यप्रणालीला न विचारता पडद्याच्या स्मृतीत थेट आकडे लिहीत आणि छपाईयंत्राच्या दारालाही थेट हात घालत.

1985 सालच्या 80386 या बत्तीस अंकी प्रक्रियकात एक नामी सोय होती. त्याच्या पोटात एक आभासी 8086 चालवता येई. जुन्या प्रोग्रामला वाटे की आपण जुन्याच संगणकावर आहोत. त्याने परस्पर काही करायचा प्रयत्न केला तर नवी कार्यप्रणाली मध्ये पडून ते काम सांभाळून घेई. 1993 साली आलेल्या विंडोज एनटीने आणि 1995 सालच्या विंडोज 95 ने याच सोयीच्या आधारे डॉसचे प्रोग्राम चालवले. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर मोठ्या रुळांच्या मध्येच तिसरा रूळ टाकून छोट्या गाड्यांची सोय केली होती.

हा तिसरा रूळ पुढे उखडला गेला. 2003 सालापासून चौसष्ट अंकी प्रक्रियक घरगुती संगणकात येऊ लागले. ते चौसष्ट अंकी रीतीने चालत असताना आभासी 8086 ची ती सोय उपलब्ध नसते, आणि चौसष्ट अंकी विंडोजमधून डॉस प्रोग्राम चालवणारा भागही वगळला गेला. बत्तीस अंकी विंडोज आणखी काही वर्षे मिळत राहिले. 2021 साली आलेले विंडोज 11 मात्र फक्त चौसष्ट अंकी आहे. सरांचा प्रोग्राम सोळा अंकी होता. नव्या रुळांवर त्याला जागाच उरली नव्हती.

अडचण केवळ रुळांच्या मापाची नव्हती. गाडीचा वेगही आडवा येतो. टर्बो पास्कल या लोकप्रिय साधनाने तयार केलेले अनेक प्रोग्राम सुरू होताना संगणकाचा वेग मोजत. ठरावीक वेळात किती फेऱ्या होतात ते मोजायचे आणि एका लहान संख्येने भागायचे, अशी ती रीत होती. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक इतके वेगवान झाले की भागाकाराचे उत्तर ठरवून दिलेल्या जागेत मावेना आणि प्रोग्राम 'त्रुटी क्रमांक 200' दाखवून थांबू लागले. संगणक सुधारला म्हणून प्रोग्राम बंद पडला!

काही प्रोग्रामांनी वेळेवर रूळ बदलले. टोमाश यानेचको या पोलिश अभियंत्याने अमिब्रोकर हा आलेखाचा प्रोग्राम 1995 साली अमिगा या संगणकासाठी तयार केला. अमिगा बनवणाऱ्या कमोडोर कंपनीचे दिवाळे 1994 सालीच वाजले होते. यानेचको यांनी पुढे तो प्रोग्राम विंडोजसाठी नव्याने घडवला आणि तो आपल्याकडेही पुष्कळ वापरला गेला. नाव तेच राहिले, डबा मात्र नवा बांधावा लागला. असे बांधणारा कोणी मागे नसेल तर प्रोग्राम जागीच राहतो.

संगणकाच्या पोटात जुना संगणक

उपाय अगदीच नव्हता असे नाही. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम लिहिले गेले आहेत. 2002 पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हा त्यांपैकी एक. तो 8086 च्या कुळातील प्रक्रियक, पडदा, कळफलक, घड्याळ या सर्वांची भूमिका स्वतःच करतो. जुन्या प्रक्रियकाची प्रत्येक आज्ञा तो वाचतो आणि तिचा परिणाम नव्या संगणकावर घडवून आणतो. हवा तितका वेगही कमी करता येतो. इतकी कामे करूनही तो चालू शकतो, कारण आजचे संगणक त्या काळच्या संगणकांच्या कितीतरी पट वेगवान आहेत.

आम्ही डॉसबॉक्समध्ये सरांचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर निळी चौकट आली, प्रोग्रामचे नाव आले आणि सर खुर्चीत पुढे सरकले. पुढच्याच क्षणी कुलूप सापडत नसल्याचा संदेश आला. त्या काळी महागडे प्रोग्राम विकताना सोबत काडेपेटीएवढे एक कुलूप देत. छपाईयंत्राच्या दाराला ते लावलेले असेल तरच प्रोग्राम चाले. सरांनी ते बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते, पण नव्या संगणकाला ते दारच नव्हते. कुलूप फोडणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. डबा सोडून देऊन माल उतरवून घ्यायचा, म्हणजे कुर्डुवाडीची हमाली करायची, असे ठरले.

शंभर रुपयांचा शोध

माहितीच्या फाइली मेटास्टॉकच्या साच्यात होत्या. अमेरिकेतील इक्विस या कंपनीचा मेटास्टॉक हा आलेखाचा प्रोग्राम 1980 च्या दशकात आला. त्याचा साचा इतका रूढ झाला की इतर प्रोग्रामही तो वाचू-लिहू लागले. या साच्यात प्रत्येक दिवसासाठी सात संख्या असतात: तारीख, पहिला भाव, उच्च भाव, नीचांकी भाव, शेवटचा भाव, उलाढाल आणि वायदे बाजारासाठी राखलेली एक जागा. प्रत्येक संख्येला चार बाइट, म्हणजे एका दिवसाला 28 बाइट. सरांच्या एका कंपनीच्या नोंदी साडेचार हजारांच्या घरात होत्या. 4500 ला 28 ने गुणले तर 1,26,000 बाइट होतात. अठरा वर्षांची अशी अकरा खाती एका 1.44 मेगाबाइटच्या फ्लॉपीवर मावली असती.

आम्ही चार-चार बाइट घेऊन संख्या वाचणारा लहानसा प्रोग्राम लिहिला. उत्तरे निरर्थक आली. जवळजवळ सगळे भाव ऋण आणि शून्याला चिकटलेले! फाइली खराब झाल्या असाव्यात, असे आम्ही बोलूनही गेलो. सर उठले आणि वहीची उरलेली पाने घेऊन आले. एका दिवशी एका कंपनीचा शेवटचा भाव नेमका 100 रुपये होता. "उत्तर माहीत असलेले उदाहरण आधी सोडव," ते म्हणाले. शाळेतही ते हेच सांगत.

त्या जागी फाइलमध्ये चार बाइट होते: 0, 0, 72, 135. सरांनी कागद घेतला. 100 म्हणजे 64 गुणिले 1.5625, आणि 64 म्हणजे 2 चा सहावा घात. आता 72 ला 128 ने भागले तर येतात 0.5625. त्यात 1 मिळवला की 1.5625. आणि 135 मधून 129 वजा केले की 6. शंभर रुपये जागच्या जागी होते. आमची वाचण्याची रीत चुकली होती.

कारण असे. मायक्रोसॉफ्टने 1975 साली बेसिक ही भाषा तयार केली, तेव्हा अपूर्णांक साठवण्यासाठी स्वतःची एक पद्धत वापरली. तीत शेवटच्या बाइटमध्ये घातांक असतो आणि तो 129 ने वाढवून लिहिलेला असतो. मेटास्टॉकच्या साच्याने हीच पद्धत उचलली. 1985 साली विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आयईईई 754 हे मानक ठरवले आणि हळूहळू सर्वांनी ते स्वीकारले. त्यात पहिला द्विमान अंक धन-ऋण चिन्हासाठी राखलेला असतो आणि घातांक 127 ने वाढवलेला असतो. आमच्या प्रोग्रामने जुन्या पद्धतीचे बाइट नव्या मानकाने वाचले. त्यामुळे 135 मधील 128 ऋण चिन्ह ठरले आणि घातांक निघाला उणे 113. शंभर रुपयांचे झाले उणे 0.000..., दशांशचिन्हापुढे तेहतीस शून्ये आणि मग 15. जणू मोडीतील मजकूर कोणी बाळबोध समजून वाचत होते.

तारखांचीही एक गंमत होती. 10 नोव्हेंबर 1996 ही तारीख 961110 अशी एकाच संख्येत लिहिलेली होती. सन 2000 आले तेव्हा वर्षाचे दोनच अंक ठेवणाऱ्या अनेक व्यवस्थांपुढे प्रश्न उभा राहिला, कारण 00 हे 99 च्या आधी येते. या साच्यात तोडगा निघाला तो असा की 1900 पासून किती वर्षे झाली ते लिहायचे. त्यामुळे 3 जानेवारी 2000 ही तारीख 1000103 झाली आणि क्रम बिघडला नाही.

प्रोग्राम दुरुस्त करून आम्ही सर्व खाती साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवली. प्रत्येक ओळीत तारीख आणि भाव, मध्ये स्वल्पविराम. मग तपासणी केली. उच्च भाव नीचांकी भावापेक्षा कमी दिसतो असे काही दिवस सापडले. भरताना आकडे उलटसुलट झाले होते. रविवारची एक नोंदही निघाली, 3 नोव्हेंबर 2013 ची. ती चूक समजून आम्ही खोडणार होतो. सर म्हणाले, "थांब, त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते." मुहूर्ताचे सौदे सुट्टीच्या दिवशीही होतात. नोंद बरोबर होती. यंत्राला जे चूक वाटले ते माहितगार माणसाला बरोबर दिसले.

त्या संध्याकाळी नव्या संगणकावरच्या साध्या कोष्टक-प्रोग्राममध्ये अठरा वर्षांचा आलेख उमटला. त्यासाठी शेअर बाजाराचा खास प्रोग्राम लागला नाही. सरांनी पहिली सूचना केली ती अशी की यातले एक वर्ष कापून नववीच्या मुलांना द्यावे.

शाळेसाठी काय घ्यावे

हा प्रसंग शेअर बाजारापुरता नाही. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर आज उघडला तर भलतीच अक्षरे दिसतात, हा अनुभव अनेक शाळांना आला असेल. तेथेही माल शाबूत असतो, पण कोणता आकडा कोणत्या अक्षरासाठी वापरला ती किल्ली हरवलेली असते. अनेक शाळांत पर्जन्यमापकाच्या नोंदी, मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी, झाडांना मोहोर येण्याच्या तारखा संगणकात भरल्या जातात. वीस वर्षांनी त्यांचे मोल आजच्यापेक्षा जास्त असेल, कारण गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून प्रोग्राम कोणताही वापरा, पण दरवर्षी जूनमध्ये सर्व नोंदींची एक प्रत साध्या मजकुरात काढून ठेवा. वर्ष चार अंकी लिहा. पहिल्या ओळीत प्रत्येक स्तंभाचे नाव आणि एकक लिहा, म्हणजे हा आकडा मिलिमीटरचा की सेंटिमीटरचा हे कोणाला विचारावे लागणार नाही. प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि एखादे पान कागदावरही ठेवा. सरांच्या वहीचे ते एक पान उरले नसते, तर आम्ही त्या फाइली खराब समजून बाजूला टाकल्या असत्या.

वर्गात करून पाहण्यासाठी एक उदाहरण देतो. जुन्या पद्धतीत चार बाइट आहेत: 0, 0, 64, 135. हा भाव किती रुपयांचा? आणि शेवटच्या बाइटमध्ये 135 ऐवजी 136 असेल तर भावाचे काय होईल? विद्यार्थ्यांनी आधी कागदावर सोडवावे आणि मगच संगणकाकडे वळावे.